निराळ्या जडणघडणीची मुले : घरी आणि शाळेत

चालताना अडचण असलेल्या मुलासाठी शाळेच्या पायऱ्यांशेजारी उतरता रस्ता बांधावा लागतो, ही गोष्ट आता गावोगावी पटलेली आहे. अडचण डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावरील उपायही सुचतो. परंतु त्याच शाळेत अशीही काही मुले असतात की, ज्यांची अडचण कोणाला दिसत नाही. तिसरीतील एखादा मुलगा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, बाजाराचा हिशेब तोंडी करतो. पण पुस्तक समोर आले की ओळीओळीला अडखळतो. एखादी मुलगी दिवसभर कोणाशी बोलत नाही आणि घंटा वाजली की कानांवर हात ठेवते. आणखी एखाद्याला पाच मिनिटेही जागेवर बसवत नाही. पहिल्याला 'ढ', दुसरीला 'हट्टी' आणि तिसऱ्याला 'उनाड' असे नाव मिळते. नाव एकदा चिकटले की बोलणी सुरू होतात, बोलण्यांमागून गैरहजेरी येते आणि अखेर शाळा सुटते. या तिन्ही मुलांना आळस किंवा दुर्गुण जडलेला नसतो. त्यांच्या मेंदूची जडणघडण निराळी असते, इतकेच.

तीन प्रमुख प्रकार

या निराळेपणाचे तीन प्रकार शाळांतून विशेष आढळतात. पहिला प्रकार अध्ययन अक्षमतेचा. यात मुलाची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असते. परंतु वाचन, लेखन वा गणित यांपैकी एखाद्या कौशल्यात ते फार मागे राहते. वाचनातील अशा अडचणीस डिस्लेक्सिया म्हणतात. दुसरा प्रकार स्वमग्नतेचा, म्हणजेच ऑटिझमचा. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी त्याचे पहिले सविस्तर वर्णन केले. इतरांशी संवाद साधण्यात अडचण, ठरलेल्या क्रमाचा आग्रह आणि आवाज, उजेड वा स्पर्श यांचा असह्य त्रास ही त्याची लक्षणे होत. तिसरा प्रकार अवधान न्यूनता व अतिचंचलता यांचा. अशा मुलाला लक्ष एका ठिकाणी टिकविणे आणि मनात आलेली कृती क्षणभर थोपविणे अवघड जाते. एकाच मुलात यांतील दोन प्रकार एकत्र असणेही दुर्मीळ नाही.

याची कारणे बव्हंशी जन्मजात असून त्यांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईने माया लावली नाही म्हणून मूल स्वमग्न झाले, असा समज एके काळी वैद्यकातही होता. तो पूर्णपणे चुकीचा ठरला आहे. लसीकरणाने स्वमग्नता येते, हा समजही तसाच निराधार आहे. नजर लागणे किंवा मागील जन्मीचे पाप यांच्याशी तर या गोष्टींचा काहीच संबंध नाही. तरीही घरोघरी दोष आईच्याच माथी येतो. त्यामुळे मदत मागायला निघालेले पाऊल उंबरठ्यावरच थांबते.

मराठी वाचताना काय घडते

अध्ययन अक्षमतेचा विचार करताना आपल्या लिपीकडेही पाहावयास हवे. देवनागरीत उच्चार व लेखन यांचा मेळ इंग्रजीपेक्षा पुष्कळ चांगला आहे. तथापि काही जागा अवघड आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते, तिचा उच्चार मात्र नंतर होतो. 'धर्म' या शब्दात 'र'चा उच्चार 'म'च्या आधी होतो, पण त्याची खूण 'म'च्या डोक्यावर बसते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' या अक्षरांत फरक एखाद्या रेषेचा असतो. बहुतेक मुले सरावाने हे आत्मसात करतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला मात्र प्रत्येक वेळी नव्याने झगडावे लागते. अशा मुलाला 'दहा वेळा लिहून आण' असे सांगितल्याने चूकच दहा वेळा गिरविली जाते. त्याऐवजी शब्दाचे तुकडे पाडून मोठ्याने म्हणणे, वाळूत किंवा पाटीवर बोटाने अक्षर काढणे, एका वेळी एकच जोडाक्षर घेणे, अशी पद्धत उपयोगी पडते.

मराठी माध्यमाच्या मुलाची तपासणी इंग्रजी चाचणीने केल्यास निष्कर्ष फसवा निघू शकतो. या दृष्टीने मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली व २०१५ साली प्रसिद्ध झालेली 'डाली' ही चाचणीमाला महत्त्वाची आहे. हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत ती उपलब्ध असून तिच्यात शिक्षकांनी वापरावयाच्या प्राथमिक चाळणीचाही समावेश आहे.

लवकर ओळखणे

स्वमग्नतेच्या खुणा शाळेत येण्यापूर्वीच दिसू लागतात. वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, दीड वर्षाचे होऊनही हव्या त्या वस्तूकडे बोट दाखवीत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा येत असलेले शब्द गमावते, असे आढळल्यास 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून वाट पाहू नये. प्रथम श्रवणाची तपासणी करून घ्यावी व पाठोपाठ विकासाची. अंगणवाडी सेविकेची नजर येथे फार मोलाची ठरते.

या कामासाठी यंत्रणा अस्तित्वात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. या कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावी, अशी योजना आहे. तपासावयाच्या विकारांच्या यादीत स्वमग्नता, अध्ययनातील अडचणी आणि अतिचंचलता यांचाही समावेश आहे. ज्या मुलांना पुढील तपासणीची गरज असते, त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. मात्र पथक शाळेत काही तासच थांबते. मुलाला रोज पाहणारे शिक्षकच असतात. पथक येण्यापूर्वी शिक्षकांनी आपल्या निरीक्षणाची नोंद तयार ठेवली, तर ती तपासणी खऱ्या अर्थाने उपयुक्त होते.

प्रमाणपत्राची वाट पाहू नये

या विषयातील सर्वांत मोठी हानी येथे होते. पहिली-दुसरीत सर्वच मुले वाचायला शिकत असल्यामुळे अध्ययन अक्षमतेचे निश्चित निदान साधारणपणे आठव्या वर्षापर्यंत करता येत नाही. त्यानंतर तालुक्याहून जिल्ह्याला खेपा, तज्ज्ञांची वाट आणि कागदपत्रे यांत आणखी काळ जातो. दरम्यान मूल दरवर्षी वरच्या वर्गात जाते आणि 'मला काही येत नाही' एवढे मात्र पक्के शिकते. परीक्षेतील सवलतींसाठी प्रमाणपत्र लागते, हे खरे. पण मुलाला पहिल्या बाकावर बसविण्यासाठी ते लागत नाही.

वर्गात लगेच करता येण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यांना खर्च जवळजवळ नाही. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला सर्वांसमोर अचानक उभे करून वाचावयास लावू नये. त्याचे उत्तर तोंडी घ्यावे. ओळीखाली पट्टी धरण्यास सांगावे. फळ्यावरील मजकूर उतरवून घेण्यास जास्त वेळ द्यावा. चंचल मुलाला खिडकी व दार यांपासून दूर बसवावे, सूचना एका वेळी एकच द्यावी आणि मधूनमधून वह्या वाटणे, फळा पुसणे अशी हालचालीची कामे सोपवावीत. स्वमग्न मुलाला दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवावा, बदल होणार असल्यास आधी सांगावे आणि गोंगाट असह्य झाल्यास शांतपणे बसण्यासाठी एक कोपरा ठरवून द्यावा. मुलाने डोळ्यांत पाहून बोलावे असा आग्रह धरू नये. तो न पाहताही ऐकत असतो.

घराची भूमिका

घरात उपयोगी पडते ती नियमितता. उठणे, जेवण, अभ्यास व झोप यांच्या वेळा शक्यतो ठरलेल्या असाव्यात. लग्नातील बँड किंवा कुकरची शिट्टी यांनी बेचैन होणाऱ्या मुलाला रागावण्याऐवजी आधी कल्पना द्यावी किंवा थोडे दूर न्यावे. वाक्ये छोटी आणि स्पष्ट असावीत. भावंडांशी किंवा शेजारच्या मुलांशी तुलना टाळावी. चित्रकला, शेतीचे काम, यंत्रांची जोडणी, गाणे, ज्यात मुलाला गती असेल त्याला रोज थोडा वेळ द्यावा. कारण शाळेत दिवसभर अपयश पाहणाऱ्या मुलाला निदान एका ठिकाणी यश दिसणे आवश्यक असते. स्वमग्नता समूळ बरी करणारे औषध नाही. तसा दावा करून पैसे उकळणाऱ्यांपासून पालकांनी सावध राहावे. वाचा-उपचार व व्यवसायोपचार यांचा मात्र चांगला उपयोग होतो. अतिचंचलतेत काही मुलांना औषधांनी लाभ होतो, ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावीत.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्रात अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेतील सवलती १९९६ पासून मिळू लागल्या. देशाच्या कायद्यात मात्र या अक्षमतेला स्थान मिळण्यास आणखी वीस वर्षे लागली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. नव्या कायद्यात २१ असून त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. अवधान न्यूनता व अतिचंचलता यांचा त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणून त्या मुलांच्या बाबतीत शिक्षकांच्या समजुतीवरच अधिक भिस्त राहते. अधिनियमाच्या कलम १६ नुसार अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापन उपाय योजणे हे शैक्षणिक संस्थांचे कर्तव्य आहे. लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास मनाई केली आहे. न वाचता येणाऱ्या मुलाला वर्गासमोर हिणविणे या मनाईतच येते, हे लक्षात ठेवावयास हवे.

गावाची जबाबदारी

शाळा व्यवस्थापन समितीने वर्षातून एकदा तरी हा विषय सभेपुढे घ्यावा. मुख्याध्यापकांनी गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी संपर्क ठेवावा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी खर्च करावयाची असते. तिचा विनियोग ठरविताना अडचण न दिसणाऱ्या मुलांची गरजही ग्रामसभेत मांडली जावी. अनेक कुटुंबांना उपचारांपेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी होणाऱ्या खेपा आणि बुडणारी मजुरीच अधिक जड जाते, याचीही दखल घेतली पाहिजे.

उतरता रस्ता बांधण्यास सिमेंट लागते, अंदाजपत्रक लागते, मंजुरी लागते. या मुलांसाठी बांधावयाचा रस्ता त्या मानाने सोपा आहे. बसण्याची जागा बदलणे, थोडा अधिक वेळ देणे, उत्तर तोंडी ऐकून घेणे आणि 'ढ' हा शब्द वर्गातून कायमचा काढून टाकणे, एवढ्याने त्याची सुरुवात होते. ती उद्याच्या पहिल्या तासापासून करता येईल.