अर्धं गाव फडावर असताना

सकाळी साडेसहा

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. बाया नवाच्या आत शेतावर जातात, म्हणून बीडमधून अंधारातच निघावं लागतं. सोबत माझा सहकारी. एक बाई आणि एक पुरुष अशी जोडी मुद्दाम ठेवलेली असते. काही दारं मला उघडत नाहीत, बरीचशी त्याला उघडत नाहीत. काम म्हटलं तर सोपं आहे. गावातली ग्राम बाल संरक्षण समिती खरोखर चालते का, ते बघायचं आणि लिहायचं. केंद्राची एकात्मिक बाल संरक्षण योजना २००९-१० मध्ये आली, तिच्यातून या समित्या गावोगाव झाल्या. योजनेचं नाव आता मिशन वात्सल्य आहे. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य-सचिव, शिवाय पोलीस पाटील, शिक्षक, आशाताई, बचत गटाच्या बाया, मुलांचे प्रतिनिधी. कागदावर याहून चांगली रचना सुचणं कठीण.

महिना फेब्रुवारी. मूल्यमापनं मार्चअखेरच्या आत उरकायची असतात, कारण निधीचा हिशोब तेव्हा बंद होतो. आणि ऊसतोडीला फडावर गेलेली माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात, ती मार्च-एप्रिलला परततात. थोडक्यात, गाव तपासायला आम्ही नेमके जातो ते अर्धं गाव गावात नसताना. ही तक्रार मी दरवर्षी अहवालात लिहिते. पुढच्या वर्षी वेळापत्रक तेच.

साडेसात

ग्रामपंचायतीत लगेच जायचं नाही, आधी गाव पायाखालून घालायचं. एका गल्लीत ओळीने कुलपं. कुठे दारासमोर बाभळीची फांदी टाकून ठेवलेली, ढोरं शिरू नयेत म्हणून. उघड्या घरांत म्हातारी माणसं आणि लहान लेकरं.

शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात हातभर आकडे: १०९८. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि २०२३ मध्ये ती सरकारने आपल्याकडे घेऊन ११२ला जोडली. नळावरच्या बायांना विचारलं, हा नंबर कशाचा?

"गॅसचा असंल."

"न्हाई, शाळंचा हाय त्यो. सरांचा."

एका तरुण सुनेने बरोबर सांगितलं, पण तेही माहेरच्या शाळेत ऐकलेलं. भिंत रंगवणं हा या क्षेत्रातला सगळ्यात लाडका खर्च आहे. फोटो काढता येतो, पावती मिळते, कुणी दुखावत नाही.

साडेनऊ

अंगणवाडी. पोरं खिचडीची वाट बघतायत, आणि सेविका एका हाताने मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरते आहे. रेंज येते-जाते. तिने कपाटातून समितीचं रजिस्टर काढलं, कव्हर घालून नीट ठेवलेलं.

वर्षभराच्या बैठका. प्रत्येकीखाली तोच मजकूर: 'बालविवाह व बालमजुरी होऊ नये याबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली. ठराव सर्वानुमते मंजूर.' सूचक, अनुमोदक. शाई एक, अक्षर एक, पेनाचा दाबसुद्धा एक. जानेवारीच्या बैठकीला एका सदस्याची सही आहे. सकाळीच त्याच्या घराला कुलूप बघितलं होतं. शेजारीण म्हणाली, दिवाळीपासून कोल्हापूरकडच्या कारखान्याला आहे.

मी सहीवर बोट ठेवलं तसं सेविकेने माझ्याकडे बघितलं आणि सरळच सांगून टाकलं, "ताई, कोरम लागतो ना. माणसं कुठून आणू?"

या सह्यांची नोंद मी करते, पण त्यावरून तिला फैलावर घेणाऱ्यांतली मी नाही. वजनं, लसीकरण, घरपोच आहार, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, आणि त्यात ही समिती. वर राज्याच्या नियमांप्रमाणे गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आणि सेविका त्याची सहायक. ग्रामसेवक संध्याकाळी तालुक्याला परततो. सेविका इथेच राहते, तिची चूल इथेच, तिच्या सासरची भावकी इथेच. लग्न थांबवल्याचा राग कुणावर निघणार, हे कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नाही.

साडेअकरा

सभागृहात समितीचे हजर सदस्य. सरपंच बाई आहेत, बोलतात त्यांचे यजमान. दोन-तीनदा मी प्रश्न थेट त्यांना विचारला. उत्तर शेजारून आलं. पोलीस पाटील मोजकं बोलतात, आणि जे बोलतात ते कामाचं असतं.

"गेल्या वर्षभरात किती प्रकरणं आली?"

"एक बी नाही, मॅडम. आपलं गाव चांगलं आहे."

मूल्यमापनात सगळ्यात फसवा आकडा शून्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के. अशा जिल्ह्यातलं शून्य म्हणजे एक तर फार मोठं यश, नाही तर कुणी काही सांगायला येत नाही. वरच्या बैठकीत मात्र ते हिरव्या रंगात दिसतं. आणि ज्या गावात नोंदी असतात, तिथल्या सेविकेला विचारणा होते, तुमच्याकडेच एवढे प्रकार कसे? चांगल्या समितीचे आकडे सुरुवातीला वाढतात, कारण लोकांचा तिच्यावर विश्वास बसायला लागतो. हे समजावता समजावता माझे केस पांढरे झाले.

बालविवाहाची कारणं सगळ्यांना पाठ आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. पोरीचं लग्न लावलं की मागे एकटी ठेवायची काळजी मिटते, आणि सासरच्यांना नवा कोयता मिळतो. पोलीस पाटील म्हणाले, "कायदा आम्हाला माहिती हाय. उचल कुणी फेडायची ते सांगा."

दुपारी एक

सेविकेच्या घरी भाकरी, पिठलं, ठेचा. रजिस्टरचा विषय दोघींनीही काढला नाही.

दोन

आता मुलं. शाळेच्या व्हरांड्यात मोठा कागद पसरला, रंगीत खडू ठेवले. नावं लिहायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत. गुरुजींना विनंती करून बाहेर पाठवलं. ते खिडकीशी घुटमळत "नीट सांगा रे" म्हणत राहिले, मग सहकारी त्यांना चहाला घेऊन गेला. त्याच्या कामाचा मोठा भाग हाच.

सुरुवातीलाच एका पोरीने विचारलं, "आम्ही काय सांगितलं तर तुम्ही कुणाला सांगणार न्हाई ना?"

इथे 'नाही' म्हणायचा मोह फार होतो. पण तसं म्हणता येत नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, की ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, माझ्यावरही. म्हणून तिला सांगितलं, "बाकी सगळं आपल्यात राहील. पण कुणाला इजा होत असेल तर ती थांबवायला मला दुसऱ्या मोठ्या माणसांना सांगावं लागेल, आणि ते मी आधी तुला सांगेन." ती पटल्यासारखी बसली. आम्ही मुलांना त्यांच्या स्वतःच्या त्रासाबद्दल विचारतही नाही. आकडेवारीसाठी लेकराची जखम उकरायची आणि जीपमध्ये बसून निघून जायचं, याला मूल्यमापन म्हणत नाहीत.

त्याऐवजी गावाचा नकाशा. जिथे बरं वाटतं तिथे हिरवा, नको वाटतं तिथे लाल. लाल झालं ते असं: पाण्याच्या टाकीमागची बोळ, दारू मिळते ते घर, वस्तीवरून शाळेला येणारा रस्ता. "मोटारसायकलवाली पोरं आडवी येतात," एवढं सांगून मुली गप्प. सकाळच्या ठरावांत यातलं काहीही नव्हतं. कागदाच्या अगदी कडेला, गावाबाहेर, एका मुलाने चिमणी काढली, धूर काढला.

"हे काय?"

"कारखाना."

"तो आपल्या गावात नाही ना रे."

"मम्मी तिथं हाय."

मग गोष्ट. समजा, नववीतली एक मुलगी आहे, तिचं लग्न ठरलंय, तिला करायचं नाही. ती कुणाकडे जाईल? मैत्रिणीकडे. मामाकडे. एकजण म्हणाला पोलिसाकडे, बाकीचे हसले. मग मागून आवाज आला, "गिरणीवाल्या मावशीकडं," आणि चार-पाच माना हलल्या. समितीचं नाव कुणी घेतलं नाही. समितीवरची मुलांची प्रतिनिधी त्याच घोळक्यात बसली होती. आपण प्रतिनिधी आहोत हे तिला ठाऊक नव्हतं.

साडेचार

मावशी कुठल्याच समितीवर नाहीत. पिठाची गिरणी, चेहऱ्यावर पांढरी धूळ, पट्ट्याच्या आवाजावर मात करणारा आवाज. गेल्या वर्षी त्यांनी एक लग्न थांबवलं, असं मुलं म्हणाली होती. खरं का, विचारलं.

"म्या कुठं थांबवलं? मुकादमाला फोन लावला. म्हनलं, पोरीचं वय बसंना. उद्या केस झाली तर लावून देनाऱ्यांत तुझं बी नाव येतंय. त्यानंच बापाला समजावलं."

बालविवाह करणाऱ्या प्रौढ नवऱ्याइतकाच तो लावून देणारा आणि जुळवणारासुद्धा २००६च्या कायद्याने गुन्हेगार ठरतो. मावशींना कलम माहीत नाही, नाडी माहीत आहे. बापावर कुणाचं चालतं, हे त्यांनी बरोबर हेरलं. कुठेही नोंद नाही. रजिस्टरमध्ये शून्यच.

इथेच थांबले असते तर छान गोष्ट मिळाली असती: समिती नावाला, गाव मात्र शहाणं. म्हणून दुसरी गोष्ट विचारली. समजा घरातल्याच कुणी मुलीच्या अंगाला हात लावला, तर?

मावशींनी गिरणीत धान्य ओतलं. "ते चुलत्या-मालत्यांनी मिटवावं. भायेर गेलं की पोरीचंच नाव जातं."

म्हणजे जे जाळं लग्न अडवतं, तेच अत्याचार दाबतं. बाल संरक्षणाचे अभ्यासक मायकल वेसल्स यांनी २००९ मध्ये साठ देशांतल्या गावपातळीवरच्या बाल संरक्षण गटांविषयीची १६० कागदपत्रं एकत्र वाचली. काम गावाला आपलं वाटतं तिथेच गट टिकतात, हा त्यांचा ठळक निष्कर्ष. आणि सरकारी यंत्रणेशी दुवा नसेल तर गट अपुरा पडतो, हाही. आपल्याकडे पहिल्याचे गोडवे गाणारे एका बाजूला, दुसऱ्याची सक्ती करणारे दुसऱ्या बाजूला. मावशी आणि सेविका यांची घरं दोनशे पावलांवर आहेत. दोघी या विषयावर कधी बोललेल्या नाहीत.

सहा

कुलपांच्या गल्लीतली एक आजी. नातू तिच्याकडे, शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतो. तेरा वर्षांची नात फडावर.

"दोघांना का नाही ठेवलं?"

"पोरगं ऱ्हातंय कसंबी. पोरगी वयात आली, म्या म्हातारी किती नजर ठिवू? आईपाशी बरी."

आईपाशी म्हणजे कोपीत, फडावरच्या झोपडीत. आई पहाटे उसात जाते, नात स्वयंपाक करते, धाकटं भावंड सांभाळते. तिथे अंगणवाडी नाही, आशा नाही, पोलीस पाटील नाही. आपल्या गावची समिती तिथे पोचत नाही आणि त्या गावच्या समितीला ही लेकरं आपली वाटत नाहीत. गावातून किती मुलं गेली, कुठल्या कारखान्याला, कोणत्या मुकादमाबरोबर, ही यादी मी सेविकेला विचारली होती. समितीकडे नाही. मुकादमाकडे असते, कारण त्याने पैसे दिलेले असतात.

रात्री साडेआठ

लॉजवर प्रपत्र भरायला बसलो. 'बैठका नियमित होतात का?' होय. 'नोंदी अद्ययावत आहेत का?' होय. 'भित्तिचित्र आहे का?' होय. गुण बेरजेला घेतले तर गाव तालुक्यातल्या पहिल्या काहींत येतं. सहकारी म्हणाला, सह्या खोट्या आहेत असं लिहू का? मी म्हटलं, लिही, पण त्याच ओळीत कोरमची अट आणि हंगामही लिही, नाहीतर सेविकेला नोटीस निघेल आणि बाकी सगळं जिथल्या तिथे राहील.

प्रपत्राला दोन पानं जोडली. एकावर मुलांचा नकाशा, गावाचं नाव काढून. टाकीमागच्या बोळीत दिवा आणि शाळेच्या वेळेला रस्त्यावर कुणीतरी मोठं माणूस, एवढं ग्रामपंचायत स्वतःच्या पैशात करू शकते. पोलीस पाटील तसं कबूलही झाले. दुसऱ्यावर शिफारशी: मावशींना सदस्य करू नका, बैठकीला बोलवा, सदस्य केलं की त्याही सह्यांपुरत्या उरतील. अत्याचाराच्या प्रकरणी पुढे काय होतं, बाल कल्याण समिती काय करते, मुलीचं नाव कसं गुप्त राहतं, हे त्यांच्यासमोर आधी बोला. मुलांची यादी दसऱ्याच्या आत करा.

फडावर जाऊन कोप्यांमधल्या मुलांना भेटायची परवानगी फोनवर मागितली. उत्तर आलं, मूल्यमापनाचं क्षेत्र गावापुरतं आहे आणि परजिल्ह्यातल्या प्रवासाला तरतूद नाही. मी सविस्तर मेल टाकला. सेविकेचाही निरोप आला होता: यादीचा नमुना पाठवा, पालक परतले की एप्रिलमध्येच विचारून ठेवते. नमुना नाही. तिला सहा रकाने आखून फोटो पाठवला: मुलाचं नाव, वय, इयत्ता, कारखाना, मुकादमाचा फोन, आणि गावात मागे कोण.