ओयदिपौसाचें पाप कोणतें?

घरावर संकट कोसळलें, कीं समाचारास येणारीं माणसें बहुधा दोनच वाक्यें बोलतात: ‘पूर्वकर्म!’ किंवा ‘दैवापुढें इलाज नाहीं!’ येथें मानवतांत शिक्षकी करीत असतां एका पुत्रशोकाकुल गृहस्थास मींहि पहिलें वाक्य ऐकविलें होतें. त्यांनीं मान वर करून एवढेंच विचारलें, ‘गुरुजी, कोणतें कर्म?’ मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें सोफोक्लीझच्या ग्रीक नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनीं लिहिलेलें ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) वाचतांना तोच प्रश्न पुन्हां समोर उभा राहिला.

कथा बहुतेकांस ठाऊक असेल. ‘तूं पित्याचा वध करशील, मातेशीं विवाह करशील,’ असें डेल्फी येथील अपोलो देवाचें भाकीत. तें टळावें म्हणून ओयदिपौस घर सोडतो, आणि अजाणतां तेंच करून बसतो. पुढें त्याच्या नगरींत साथ पसरते. पूर्वीच्या राजाचा वध करणारा कोण, याचा तो शोध घेतो, आणि शोध त्याच्यापाशींच येऊन थांबतो.

मग त्याचें पाप कोणतें? नायकाच्या पतनाचें कारण सांगतांना ॲरिस्टॉटलनें ‘हॅमार्शिया’ हा शब्द योजिला. कित्येक पंडितांनीं त्याचा अर्थ ‘स्वभावदोष’ असा करून ओयदिपौसाच्या ताठ्यावर बोट ठेविलें. दुसऱ्यांनीं त्यास देवांच्या हातचें बाहुलें ठरविलें. ऑक्सफर्डचे ग्रीक पंडित ई. आर. डॉड्स यांनीं १९६६ सालच्या निबंधांत हीं दोन्ही मतें खोडून काढलीं. त्यांच्या मतें हॅमार्शिया म्हणजे अज्ञानानें झालेली चूक, दुर्गुण नव्हे. शिवाय देवास भविष्य ठाऊक असणें निराळें, आणि देवानें तें करविणें निराळें. राणी योकास्टा ‘शोध थांबवा’ म्हणून विनविते, तरी राजा थांबत नाहीं. सत्याचा हा शोध सर्वस्वी त्याचा स्वतःचा आहे, आणि त्याचें मोठेपण त्यांतच आहे.

रंगभूमीवर मरण दाखवूं नये, असा आपल्या संस्कृत नाट्याचा संकेत. तरीहि भासाच्या नांवावर असलेल्या, १९१२ सालीं गणपतिशास्त्री यांनीं त्रिवेंद्रम येथें प्रसिद्ध केलेल्या ‘ऊरुभंगां’त दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो. तो निर्दोष खास नव्हे. पण मांड्या मोडून पडलेला असतां, सूडास निघालेल्या बलरामास तोच शांत करतो. येथेंहि कवीची दृष्टि अपराधाच्या हिशोबाकडे नसून, दुःख कसें सोसलें याकडे आहे.

सोफोक्लीझच्या दुसऱ्या एका नाटकांत अंध, वृद्ध ओयदिपौस अथेन्सजवळ कोलोनस येथें येतो. ‘मीं हें जाणून केलें नाहीं,’ असें तो निक्षून सांगतो. राजा थीसियस त्यास आश्रय देतो, आणि त्याचें अंत्यस्थान अथेन्सचें रक्षणस्थान ठरतें. ग्रीकांचा ‘हीरो’ म्हणजे मरणोत्तर असा पूज्य झालेला पुरुष. आपल्या गांवाबाहेरील वीरगळ पाहिलेल्यांस हें नवल वाटूं नये.

पूर्वकर्माचा सिद्धांत मी सोडलेला नाहीं. मात्र तो स्वतःच्या दुःखास लावावा. दुसऱ्याच्या दारीं जाऊन त्याच्या पापाचा अंदाज बांधण्याचा अधिकार आपणांस नाहीं. त्या गृहस्थांकडे आज जावें लागलें, तर मी कांहीं न बोलतां त्यांच्याजवळ घटकाभर बसून येईन.