परसातील वृक्षांवरील कवके : फणसांब्याच्या ओळखीसंबंधी काही

लहान बालकांचे तोंड येणे, लाळ गळणे, हिरड्या सुजणे या तक्रारींवर फणसांबा सहाणेवर उगाळून लावण्याची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. कोणी यास फणसअळंबे म्हणतात. हे द्रव्य म्हणजे फणसाच्या खोडावर वाढणाऱ्या काष्ठवत् कवकाचे फळ होय. सुश्रुतसंहितेत पलाल, इक्षु, करीष, वेणु व क्षिती यांवर उगवणाऱ्या छत्रांची गणना आहे. तीत फणसाचा निर्देश नाही. म्हणजे हे ज्ञान आपणांस मुख्यतः परंपरेने मिळाले, आणि त्याची ओळखही आजवर परंपरेवरच विसंबून राहिली. घेणारे तान्हे मूल असल्यामुळे ही ओळख सैल ठेवून चालणार नाही, असे आमचे मत आहे.

जुन्नरचा पश्चिम भाग व आंबेगावातील डिंभे धरणापलीकडील गावे येथे पाऊस भरपूर, हवा दमट आणि परसात जुनी आंबा-फणसाची झाडे. साहजिकच खोडांवर नाना प्रकारची वाढ दिसते व ‘झाडावरचे औषध’ म्हणून ती सर्वच आमच्यापुढे आणली जाते. त्यांपैकी काही तर कवकेच नसतात. बांडगुळाला हिरवी पाने असतात. ती परोपजीवी वनस्पती होय. दगडफूल, म्हणजे आपले शैलेय, हे कवक व शैवल यांचे सहजीवन आहे. ओले करून नखाने खरवडल्यास आत हिरवा थर दिसतो. कानाच्या पाळीसारखे, वाळल्यावर आक्रसणारे व पाण्यात पुन्हा फुगणारे ते ऑरिक्युलारिया. पांढुरके, लवदार, पंख्याच्या आकाराचे व खालून दुभंगलेल्या पापुद्र्यांचे ते शायझोफायलम. यांत गोंधळास फारशी जागा नाही.

खरा गोंधळ दोन कठीण कवकांत होतो. फणसांबा हा फेलिनस प्रजातीतील. तो बहुवर्षायू, घोड्याच्या खुरासारखा, लाकडाइतका टणक असतो. वरचा भाग गडद तपकिरी ते काळा, वर्तुळाकार खाचांचा, पुष्कळदा तडकलेला. कापल्यावर आतील गर गंजाच्या किंवा जुन्या हळदीच्या रंगाचा दिसतो आणि नलिकांचे थर एकावर एक रचलेले आढळतात. दुसरे गॅनोडर्मा. त्याच्या काही जातींवर लाखेचे रोगण दिल्यासारखी लालसर चकाकी असते. या सहज ओळखता येतात. परंतु गॅनोडर्मा अप्लॅनॅटमसारख्या जातींना चकाकी नसते आणि वाळलेल्या तुकड्यांच्या पोत्यात त्या बेमालूम मिसळून जातात. ताज्या स्थितीत खालचा पांढरा पृष्ठभाग खरवडला की तत्काळ तपकिरी होतो, शिवाय कोकोच्या भुकटीसारखे बीजाणू वरच्या बाजूवर व आसपासच्या पानांवर साचलेले असतात. फेलिनसचा खालचा भाग मुळातच तपकिरी असतो.

औषधालयात करण्याजोगी एक परीक्षा आहे. गराच्या कपच्यावर शेकडा ५ प्रमाणातील पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब सोडावा. फेलिनस लगेच काळा पडतो व काळाच राहतो. मात्र काही गॅनोडर्माही काळसर पडतात. म्हणून काळा न पडणारा तुकडा निःशंकपणे नाकारावा, काळा पडणारा मात्र तेवढ्यावर स्वीकारू नये. परीक्षिलेली कपची फेकून द्यावी, द्रावण दाहक असते. चूर्णरूपात आलेला माल आम्ही घेतच नाही. त्याचा ना थर दिसतो, ना पृष्ठभाग.

फणसांबा या एका नावाखाली फेलिनसच्या एकाहून अधिक जाती व्यवहारात आहेत, हेही ध्यानात असू द्यावे. जातिनिश्चिती डोळ्यांनी होत नाही. बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. त्यासाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक संग्रह व अजरेकर कवक वनस्पतिसंग्रह आहेत. नमुना सालीसकट काढावा, प्लॅस्टिकमध्ये न बांधता वर्तमानपत्रात गुंडाळावा, आणि वृक्षाचे नाव, जमिनीपासूनची उंची, गाव व तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी. महिन्याभराने ‘फणसच होता बहुधा’ असे सांगणारे आम्हांस पुष्कळ भेटले आहेत!

संग्रह कोठून करावा, हाही प्रश्न आहेच. १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यातून व आहुप्यासारख्या गावांच्या देवरायांतून काहीही काढू नये. हमरस्त्यालगतची व औषधफवारणीच्या बागांतील झाडेही टाळावीत, कारण कवके जड धातू सहज शोषून घेतात. किडीची भोके पडलेले वा बुरशी चढलेले जुने फळ कितीही मोठे असले तरी निरुपयोगी समजावे.

शेवटी वृक्षाच्या मालकाशी बोलण्याची गोष्ट. खोडावर फळ दिसते तेव्हा आतील गाभा बराच कुजलेला असतो. फळ काढल्याने झाड बरे होत नाही. बुंध्याशी किंवा मुळांवर गॅनोडर्मा उगवला असेल आणि झाड घराकडे झुकले असेल, तर पावसाळ्यापूर्वी फांद्यांचा भार कमी करण्यास किंवा जाणकाराकडून झाड तपासून घेण्यास त्या घरच्यांना सांगून यावे.