घरच्या शाळेंतलें गणित



आपल्या मुलांना घरींच शिकवावें असा निश्चय करणारीं कुटुंबें आपल्याकडे थोडीं आहेत. पण जीं आहेत त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. भाषा, इतिहास, भूगोल हे विषय वाचून, बोलून, हिंडून शिकवितां येतील. गणिताचें काय करावें? कोणतें पुस्तक घ्यावें, कोणता अभ्यासक्रम धरावा? या प्रश्नाचा विचार आज मी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांच्या आधारानें करणार आहे. शहरांतील श्रोते विचारतील, कीं त्या जंगलाचा येथें संबंध काय? संबंध एवढाच, कीं मूल आणि पुस्तक यांच्यामधलें जें अंतर पुण्यामुंबईच्या घरांत झांकलेलें राहतें, तें तेथें उघडें दिसतें.

सन १९८२ च्या ऑगस्ट महिन्यांत जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. वैनगंगेच्या कांठीं झाडीपट्टीची मराठी बोलली जाते. धानोऱ्याच्या बाजूस गोंडी, एटापल्ली-भामरागडकडे माडिया, दक्षिणेस सिरोंच्याला तेलुगू, आणि चामोर्शी-मुलचेऱ्याकडे जेथें निर्वासित कुटुंबें वसविलीं गेलीं तेथें बंगाली ऐकूं येते. पुस्तक मात्र बहुतेक मुलांच्या हातीं मराठी पडतें. म्हणजे पहिलीच्या मुलाला गणिताच्या तासाला दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात: एक संख्या, आणि दुसरें त्या संख्येचें परकें नांव. पुष्कळदां नांव येत नाहीं एवढ्यावरून संख्याच येत नाहीं असें ठरविलें जातें, आणि सहा वर्षांच्या मुलावर 'गणितांत कच्चा' असा शिक्का बसतो. हा शिक्का पुढें पुसणें फार कठीण जातें. कारण मूल स्वतःच त्यावर विश्वास ठेवूं लागतें.

मराठी घरांतील मुलाला ही अडचण नाहीं असें मात्र समजूं नये. आपण 'एकवीस' म्हणतों तेव्हां एक आधीं आणि वीस मागून येतात. लिहितांना २ आधीं आणि १ मागून. 'एकोणपन्नास' म्हणतांना पन्नासांतून एक वजा करावयाचा, आणि कागदावर मांडावयाचे ४ आणि ९! 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिणारें मूल मंद नसतें. त्यानें ऐकल्याच क्रमानें लिहिलेलें असतें. तेलुगूंत एकवीस म्हणजे 'इरवै ओकटि', अर्थात् वीस आणि एक. जो क्रम कानाला तोच डोळ्याला. सन २०१९ मध्यें बालभारतीनें दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत रूढ नांवांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची रीत दिली, त्यामागें हेंच कारण होतें. त्या वेळीं मोठें वादळ उठलें, थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनीं या रीतीचें समर्थन केलें. आपली जुनी नांवें टाकून द्यावीं असें कोणीहि म्हणत नव्हतें. अर्थ कळेपर्यंत मुलाला एक पायरी हवी, एवढेंच म्हणणें होतें.

ही पायरी घरच्या शिक्षकाला सर्वांत सोपी आहे. कारण त्याच्यापुढें चाळीस मुलें नसतात. गोंडी घरांतील मूल 'उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग' असें पांचांपर्यंत मोजीत येतें. त्याचें रंड आणि तेलुगूचें रेंडु, त्याचें नालुंग आणि तेलुगूचें नालुगु हे शब्द एकाच कुळांतले आहेत. मोठ्या संख्यांसाठीं मात्र गोंडी बोलणारीं पुष्कळ माणसें शेजारच्या भाषांचे शब्द वापरतात. अशा मुलाला आधीं त्याच्या शब्दांनीं दहापर्यंत नेलें, मग 'चार दहा आणि तीन' असें बोलूं दिलें, आणि संख्या हातीं बसल्यावर 'त्रेचाळीस' हा शब्द दिला, तर तें अडखळत नाहीं.

घरीं शिकविणें म्हणजे एकाच कुटुंबानें शिकविणें असा आपला समज आहे. धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें सन २०१९ मध्यें 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल' या नांवानें गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. सबंध गांवानेंच आपल्या मुलांचें शिक्षण हातीं घेतलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. सन २०२२ मध्यें ही शाळा मान्यतेवांचून चालते म्हणून ती बंद करण्याची नोटीस आली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. या घटनेंतील कायद्याचा भाग घरीं शिकविणाऱ्यांनींहि समजून घेतला पाहिजे. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें अठरावें कलम मान्यतेवांचून शाळा चालविण्यास मनाई करतें आणि दंडहि सांगतें. दहावें कलम सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेंत घालणें हें पालकांचें कर्तव्य म्हणून नमूद करतें. पण त्या कायद्यांत पालकाला शिक्षा सांगितलेली नाहीं. म्हणून आपल्याच मुलाला घरीं शिकविणारें कुटुंब आणि गांवांतील मुलें जमवून शाळा चालविणारी ग्रामसभा यांची स्थिति कायद्याच्या दृष्टीनें सारखी नाहीं.

याच मुलखांत दुसरी निवडहि झालेली आहे. बाबा आमटे यांनीं सन १९७३ मध्यें भामरागड तालुक्यांत हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि १९७६ मध्यें तेथें शाळा निघाली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्यानें आपलीं मुलें त्याच शाळेंत माडिया मुलांबरोबर घातलीं. घरीं शिकविण्याची पात्रता असूनहि सोबत्यांचें मोल त्यांना अधिक वाटलें असावें. घरच्या गणितालाहि सोबती लागतो, हें त्यावरून ध्यानांत घ्यावें. दोन मुलांनीं एकच उदाहरण दोन रीतींनीं सोडवून वाद घातला म्हणजे जें कळतें, तें आईबापांनीं शंभरदां सांगून कळत नाहीं.

आतां साहित्याकडे वळूं. उन्हाळ्यांत या जिल्ह्यांत तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पानांचें पुडकें बांधतात तें साधारणपणें सत्तर पानांचें, आणि भाव शेंकड्यानें, म्हणजे शंभर पुडक्यांना ठरतो. एका कुटुंबानें एका दिवसांत २४० पुडकीं बांधलीं, तर पानें किती? २४० म्हणजे चोवीस दशकें आणि सत्तर म्हणजे सात दशकें. दशकानें दशकाला गुणिलें कीं शतक होतें. चोवीस साते एकशें अडुसष्ट. म्हणून पानें झालीं एकशें अडुसष्ट शतकें, म्हणजे १६,८००. दोन शून्यें कां द्यावयाचीं, हें पुडकीं बांधणाऱ्या मुलाला पाठ करावें लागत नाहीं. त्याला तें हातानें कळतें. शिवाय मोजणी चुकली तर मजुरी बुडते, हेंहि त्यानें घरीं पाहिलेलें असतें. सन १९३७ पासून वर्धा-सेवाग्राम येथें आकारास आलेल्या नई तालीमचा आशय हाच होता, कीं ज्ञान कामांतून यावें.

परंतु येथें एक सावधगिरी हवी. पानें मोजलीं, धान मापलें, बाजारहाट केला, म्हणजे अभ्यासक्रम झाला असें नाहीं. बाजारांत अपूर्णांकांचा भागाकार क्वचितच लागतो, आणि ऋण संख्या तर लागतच नाहीं. अनुभवानें गणित सुरू होतें; तें पुढें नेण्यास क्रम लागतो, आणि क्रम पुस्तक देतें. जुन्या शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घेत. सोळाची सवापट वीस, चारांची साडेतीनपट चौदा, हें क्षणांत सांगणारे लोक त्यांतून तयार झाले. ती संपत्ति टाकण्यासारखी नाहीं. पण एक चतुर्थांश म्हणजे काय हें भाकरी मोडून कळल्यावर पावकी म्हणावी, आधीं नव्हे.

मग पुस्तक कोणतें? महाराष्ट्रांत स्वाभाविक निवड बालभारतीची. सन १९६७ मध्यें स्थापन झालेल्या या संस्थेचीं पुस्तकें स्वस्त आहेत आणि संगणकावर विनामूल्य मिळतात. परिभाषाहि आपली आहे. दुसरी निवड राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या पुस्तकांची. त्यांत चित्रें, कोडीं आणि कृति पुष्कळ आहेत, पण मराठी घरांत तीं इंग्रजी किंवा हिंदींतून वाचावीं लागतात. तिसरी निवड परदेशी मालिकांची. सिंगापूरच्या पुस्तकांतील 'आधीं वस्तु, मग चित्र, मग चिन्ह' हा क्रम उत्तम आहे. परंतु तो क्रम उचलण्यासाठीं मोठा खर्च करण्याची गरज नाहीं. बांबूच्या काड्या, चौकटीची वही आणि बालभारतीचें पुस्तक एवढ्यावर तो घरीं साधतो. परीक्षेचें दारहि आधींच पाहून ठेवावें. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पांचवीच्या व आठवीच्याहि परीक्षा घेतें, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून चौदा वर्षें पुरीं झाल्यावर दहावीच्या बरोबरीच्या परीक्षेस बसतां येतें. यांपैकीं कोणत्या परीक्षेला बसावयाचें हें मुलाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ठरवावें आणि तिच्या अभ्यासक्रमाशीं घरचा क्रम ताडून पाहावा. म्हणजे ऐन वेळीं बीजगणित राहिलें असें होत नाहीं.

पुस्तक विकत घेण्यापूर्वीं एक लहानशी कसोटी करून पाहावी. मुलापुढें त्रेचाळीस काड्या ठेवा आणि दहादहांच्या जुड्या बांधावयास सांगा. चार जुड्या आणि तीन सुट्या काड्या झाल्या, कीं त्यांतून सात काड्या मागा. मूल क्षणभर थांबून एक जुडी आपण होऊन सोडील, तर त्याला 'हातचा' कळला आहे. त्याला तिसरीचें पुस्तक खुशाल द्यावें. तें गोंधळलें, तर त्याचें वय कांहींहि असो, दुसरीचें पुस्तक आणा आणि काड्यांपाशीं चार महिने थांबा. वयावरून पुस्तक ठरविण्याची सक्ति शाळेला असते, घराला नसते. मात्र एकदां धरलेला क्रम किमान दोन वर्षें सोडूं नये. दर सहा महिन्यांनीं नवी मालिका आणणाऱ्या घरांत मुलाचें तेंच तें पुन्हां होतें, आणि जें कठीण तें नेहमींच पुढच्या पुस्तकासाठीं राहतें.

पुस्तकाची परीक्षाहि अशीच करावी. वजाबाकीचें पान उघडा. हातच्याची रीत सांगण्यापूर्वीं त्यांत जुडी सोडून दाखविली आहे काय? उदाहरणांतील वस्तु आपल्या मुलानें पाहिलेल्या आहेत काय? आणि तें पान आपल्या घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषेंत मोठ्यानें समजावून सांगतां येतें काय? या तीन प्रश्नांस होकार आला, तर तें पुस्तक सरकारी असो वा खाजगी, साधें असो वा रंगीत, निर्धास्तपणें घ्यावें. नकार आला, तर मुलाच्या बुद्धीविषयीं कांहींहि मत बनविण्यापूर्वीं पुस्तक बदलावें.