तोच पार्ट पुन्हा पुन्हा का जातो? जुन्या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनची गोष्ट

आजचा विषय आहे पुढच्या चाकातून येणारी खडखड.

समजा, तुम्ही कोरीटला राहता. घरी जुनी मारुती ८०० आहे, नंदुरबारला रोजचं येणं-जाणं आहे. पावसाळ्यात लोअर आर्मचा बुश बदलला, दिवाळीला पुन्हा तोच गेला, आणि आता होळीच्या आधी तिसऱ्यांदा आवाज सुरू. घरचे म्हणतात, “विकून टाका.” पण तोच पार्ट वारंवार जात असेल, तर बहुतेक वेळा मूळ दुखणं दुसरीकडेच असतं.

आधी रचना समजून घेऊ. ही गाडी १९८३ मध्ये आली आणि २०१४ मध्ये बंद झाली. म्हणजे सगळ्यात नवी ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची. तिच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. हीच पद्धत १९५० मध्ये फोर्डच्या कॉन्सल गाडीत आली होती. गाडीचं वजन स्ट्रट पेलतो. खालून चाक जागेवर धरतो तो लोअर आर्म, आणि त्याच्या टोकाला असतो बॉल जॉइंट. ८०० मध्ये हा आर्म मागे-पुढे हलू नये म्हणून स्टॅबिलायझर बार त्याला धरून ठेवतो. इंजिन-गिअरबॉक्सही पुढेच, त्यामुळे जास्त भार पुढच्या चाकांवर. ब्रेक मारला की तो आणखी वाढतो.

आता पार्ट पुन्हा का जातो? नेहमीची चार कारणं.

एक, शॉकअप मेलेला असतो. मग प्रत्येक खड्ड्याचा दणका बुश आणि जॉइंटवर येतो. नवा बुश किती दिवस टिकणार?

दोन, बारचे बुश ढिले असतात. ब्रेक मारल्यावर ‘टक्’ असा आवाज आला, तर तिकडे आधी बघा.

तीन, बॉल जॉइंटचं रबरी बूट फाटलेलं असतं. आत पाणी आणि धूळ जाते, ग्रीस निघून जातं, लोखंड झिजतं. आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात. त्यामुळे दणके आणि चिखल दोन्ही भरपूर.

चौथं कारण फार कमी लोकांना माहीत असतं. बुशचं रबर आर्मबरोबर पिळलं जातं. गाडी जॅकवर, चाक लटकलेलं, आणि त्याच अवस्थेत बोल्ट कसून आवळला तर काय होतं? गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग प्रत्येक खड्ड्यात ते आणखी ताणतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी हलका लावायचा, आणि शेवटचा पाना गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, रॅम्पवर किंवा खड्ड्यावर.

घरी काय तपासाल? बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी दोन-तीनदा डोलत राहिली तर शॉकअप गेला. मग सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकने उचला. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड. फक्त जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरू नका.

टायर एकाच कडेने झिजत असेल, तर आर्म वाकलाय का ते बघायला सांगा.

आणि एक गोष्ट टाळू नका. बुशचा आवाज चार दिवस चालेल, पण बॉल जॉइंटमधला खेळ नाही. तो निसटला की चाक आडवं होतं. चांदसैली घाटात, भरलेल्या गाडीत हे झालं तर स्टिअरिंग हातात असूनही उपयोग नाही.

पुढच्या वेळी मेकॅनिकदादांना “बुश बदला” एवढंच सांगू नका. “बुश का जातोय, ते आधी बघा” असं सांगा. शॉकअप जोडीनेच बदला, आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या. खर्च एकदा जास्त होईल, पण दर सणाला होणार नाही.

भेटू पुढच्या भागात. गाडी जपून चालवा!