निवासी कराटे-ज्युदो शिबीर निवडताना

वार्षिक परीक्षा संपत आल्या की चौकाचौकांत पत्रके दिसू लागतात. 'पंधरा दिवसांचे निवासी शिबीर', 'एका महिन्यात स्वसंरक्षण', 'शेवटच्या दिवशी पट्टा व प्रमाणपत्र'. मुलांना त्याचे आकर्षण वाटते. मुलगी उद्या एकटी कॉलेजला जाणार, म्हणून आईवडिलांनाही ते हवेसे वाटते. ही इच्छा रास्तच आहे. मात्र आपल्या कुटुंबांत अशा शिबिराची फी पोटाला चिमटा काढून भरली जाते, आणि मुलाचे शरीर पंधरा दिवस परक्या माणसाच्या स्वाधीन होते. म्हणून निवड करताना काय पाहावे, याचा थोडा विचार येथे करू.

प्रथम खडतर सराव म्हणजे काय ते समजून घेऊ. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिराच्या एका दालनात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत, ज्युदोचे शिक्षण सुरू केले. त्यांच्या कोडोकान संस्थेत ऐन थंडीत भल्या पहाटे करावयाच्या विशेष सरावाची परंपरा आहे. त्याला 'कान-गेइको' म्हणतात. पण हा सराव म्हणजे वर्षभराच्या नियमित मेहनतीला दिलेली जोड असते. आपल्याकडील पत्रके नेमके उलटे सांगतात. ज्याने कधी मैदानाला चार फेऱ्या मारल्या नाहीत, त्याला ती थेट रोज सहा तासांच्या सरावाला बोलावतात.

यात धोका कोठे आहे? ज्युदोत पहिला धडा फेकण्याचा नसतो, पडण्याचा असतो. त्याला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीशी घ्यायची, हाताने चटईवर थाप मारायची आणि डोके जमिनीला लागू द्यायचे नाही. हे अंगवळणी पडण्यापूर्वीच मुलाला जोराने फेकले, तर डोके आपटून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ही काल्पनिक भीती नव्हे. ज्युदोची जन्मभूमी असलेल्या जपानमध्ये १९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत शालेय ज्युदोत शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. डोक्याची दुखापत हे त्यातील प्रमुख कारण होते आणि नवशिक्यांचे प्रमाण त्यात मोठे होते. २०१२ पासून तेथील माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीची झाली, तेव्हा या आकड्यांवर देशभर चर्चा झाली. तेव्हा शिबिराच्या संचालकांना पहिला प्रश्न हाच विचारा : 'नवीन मुलांना पडणे किती दिवस शिकवता?' याचे नीट उत्तर मिळाले नाही, तर तेथून परत फिरावे.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. श्रमाने स्नायू वाढतात हे खरे, पण ते वाढतात विश्रांतीच्या वेळी. सवय नसलेल्या शरीरावर एकदम शेकडो उठाबशा लादल्या तर स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. अंग असह्य दुखणे आणि लघवी चहासारखी काळपट होणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी विलंब न लावता रुग्णालय गाठावे. डोक्याला मार लागल्यावर डोके दुखणे, उलटी होणे, गुंगी येणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे, यांपैकी काहीही झाले तर त्या दिवसाचा सराव तेथेच थांबला पाहिजे. आपल्याकडे शिबिरे भरतात ती उन्हाळ्यात. भर दुपारी सराव घेणारा आणि पाणी पिण्यास मनाई करणारा प्रशिक्षक मुलांना कणखर बनवीत नाही. तो त्यांना उष्माघाताच्या तोंडी देतो.

तिसरी गोष्ट पट्ट्याची आणि प्रमाणपत्राची. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीला जपानी भाषेत 'शोदान' म्हणतात. त्याचा अर्थच 'आरंभीची श्रेणी' असा आहे. तेथपर्यंत पोहोचण्यास वर्षे लागतात. राज्यात खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, परंतु त्यासाठी ठरावीक स्पर्धांतील यश लागते व त्या प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. शिबिरात मिळालेला कागद तेथे उपयोगी पडत नाही. संघटनांची मान्यताही बदलत असते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन चौकशी करावी. स्पर्धेत उतरण्याची इच्छा असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. ज्युदो १९६४ साली व तायक्वांदो २००० साली ऑलिंपिकच्या पदक-खेळांत आला. कराटेला मात्र २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्येच स्थान मिळाले, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते नव्हते.

काही पत्रकांवर बोधिधर्माचे चित्र असते आणि 'बुद्धाच्या भिक्षूंची मूळ विद्या' असा मजकूर असतो. ते पाहून आपला समाज साहजिकच आकर्षित होतो. शाओलिन विहारातील भिक्षूंच्या युद्धकलेला जुना इतिहास आहे, हे खरे. पण ती विद्या बोधिधर्मानेच दिली, ही कथा त्याच्यानंतर हजारएक वर्षांनी, सतराव्या शतकातील एका चिनी ग्रंथाच्या आधारे पसरली, असे अभ्यासक सांगतात. आपण चिकित्सेची परंपरा मानणारे लोक आहोत. ती चिकित्सा पत्रकालाही लावावी.

मुलींच्या पालकांनी निवासाची जागा स्वतः जाऊन पाहावी. मुलींची झोपण्याची सोय वेगळी आहे का, रात्री जबाबदार स्त्री तेथे राहते का, मुलीला घरी फोन करता येतो का, हे निःसंकोच विचारावे. पालकांना आत येऊ न देणारे शिबीर कितीही नामांकित असले तरी टाळावे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. 'संस्थेची बदनामी होईल' ही सबब तेथे चालत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पैसे भरण्याआधी प्रशिक्षकाच्या रोजच्या वर्गात एक संध्याकाळ जाऊन बसा. पुढच्या रांगेतील तरबेज मुलांकडे सगळेच पाहतात. तुम्ही शेवटच्या रांगेतील, धापा टाकणाऱ्या मुलाकडे पाहा. त्याला प्रशिक्षक हाताला धरून शिकवितो की चारचौघांत हसतो? 'सर, दुखते आहे' असे तो म्हणाला, तर त्याला बाजूला बसविले जाते की पुन्हा उभे केले जाते? शिबिरात पहिल्या दिवशी त्या मुलाच्या जागी तुम्हीच असणार आहात. चांगला वर्ग जवळच, कमी फीचा व वर्षभर चालणारा असेल, तर आधी सहा महिने तेथे घाम गाळा. त्यानंतर केलेले पंधरा दिवसांचे शिबीर खऱ्या अर्थाने अंगी लागेल.