फोटोशेजारचं फूल

आमच्या घरी काळ्या, जाड पानांचा एक अल्बम आहे. दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असा अल्बम असेल. कॉलेजात असताना, १९९४ साली, मी त्यातल्या आई-बाबांच्या लग्नाच्या फोटोला अगदी लगटून लाल क्रेप कागदाचा गुलाब चिकटवला. फार ऐटदार दिसायचा तो! पुढे २००५ च्या जुलैमधल्या त्या पावसात मुंबईतल्या आमच्या घरी कपाटाच्या खालच्या खणात ओल शिरली आणि गुलाबाचा रंग बाबांच्या अर्ध्या चेहऱ्यावर उतरला. फोटोची निगेटिव्ह नव्हती. बाबाही राहिले नव्हते. आई काही बोलली नाही, अल्बम मिटून आत ठेवून आली.

असं का झालं, ते मला नंतर कळलं. जुन्या कृष्णधवल फोटोवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र उमटवणारे चांदीचे कण त्या थरातच असतात. दमट हवेत जिलेटिन फुगतं, मऊ पडतं आणि शेजारचा रंग टिपून घेतं. क्रेप कागदाचा रंग तर ओलं बोट लागलं तरी सुटतो. पावसाला बोल लावून काय उपयोग? गुलाब मीच लावला होता.

तरीही हल्ली ज्याला स्क्रॅपबुक म्हणतात, त्यात फुलं नकोतच असं मी म्हणणार नाही. ती घरी करावीत एवढंच. बाजारच्या फुलात कुठला कागद, कुठला रंग, कुठला गोंद आहे हे आपल्याला कळत नाही.

आधी कागद. वर्तमानपत्राचा तुकडा काही दिवस उन्हात ठेवला तर पिवळा पडतो. लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे हे होतं, आणि असा कागद जुना होताना त्यात आम्ल तयार होतं. ते फोटोला बाधतं. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात लिग्निन जवळजवळ नसतंच. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. मी पहिला कागद तिथूनच आणला. कुठूनही घ्या, पण कागद आम्लरहित आहे ना, हे विचारून घ्या. फुलासाठी शक्यतो पांढराच घ्यावा, म्हणजे रंगाची भानगड नाही.

म्हणून मी प्राजक्त करते. दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं वर्तुळ कापायचं. कडेकडून मध्याकडे सहा काप द्यायचे, मध्ये मुगाच्या दाण्याएवढी जागा सोडायची. पाकळ्या निमुळत्या करून प्रत्येकीच्या टोकाला छोटी खाच द्यायची. खऱ्या प्राजक्ताला ती असते. मग पाकळ्यांवरून ओलसर बोट फिरवायचं, फूल जुन्या रबरी चपलेच्या तळव्यावर ठेवायचं आणि चमच्याच्या दांड्याने प्रत्येक पाकळी दाबत एकाच दिशेला किंचित वळवायची. वाळलं की फूल भिरभिऱ्यासारखं दिसतं. (चपलेवर घरात हसू होतं, पण कागदाला असा बाक दुसऱ्या कशाने येत नाही.)

फूल चिकटवायचं नाही, टाचायचं. गव्हाच्या खळीला कसर लागते, म्हणून जुने लोक तिच्यात मोरचूद घालत. फोटोजवळ दोन्ही नकोत. भरतकामाचा केशरी सुती दोरा घेऊन फुलाच्या मधोमध गाठीचा टाका घातला की केशरी ठिपकाही होतो आणि फूल पानाला धरूनही राहतं. पाठीमागच्या बाजूला मात्र फोटो लावू नये. समोरचं पानही मोकळं ठेवावं, नाहीतर गाठीचा वळ फोटोवर उठतो.

आणि दोऱ्याचा रंग? एक तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवायचा. फडक्याला रंग लागला तर तो दोरा बाद.

गेल्या वर्षी आईसाठी नवं पुस्तक केलं. लग्नाचा फोटो स्टुडिओत नेऊन डाग काढलेली प्रत करून घेतली आणि तिच्यापासून चार बोटं दूर तीन प्राजक्त टाचले. आईने प्रत बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "हा नको, तोच लाव." मी तोच लावला. तिने फुलांवरून हात फिरवला.

"ह्याचा रंग नाही ना गं जायचा?"

मी ते फडकं तिच्या हातात दिलं.